किडनीचा पाया आईच्या पोटात

वस्तीत कोणाचे डायलिसिस सुरू झाले की आपण लगेच म्हणतो, दारू घेत असेल, नाहीतर साखर असेल. मधुमेह आणि रक्तदाब ही किडनी बिघडण्याची मोठी कारणे आहेतच. पण किडनीची मूळ ताकद जन्माआधीच ठरू लागते, हे आपल्याला फारसे कोणी सांगत नाही.

किडनीत रक्त गाळणाऱ्या बारीक गाळण्या असतात. डॉक्टर त्यांना नेफ्रॉन म्हणतात. एका किडनीत त्या सरासरी १० लाख असतात. कोणाला बऱ्याच कमी, कोणाला दुप्पट. गरोदरपणाच्या साधारण ३६व्या आठवड्यापर्यंत त्या तयार होतात. पूर्ण दिवसांच्या बाळात जन्मानंतर एकही नवी गाळणी तयार होत नाही.

गरोदर बाईला पुरेसे सकस अन्न नसेल, अंगात रक्त कमी असेल, रक्तदाब वाढला असेल किंवा मिश्री-तंबाखूची सवय असेल, तर बाळ कमी वजनाचे किंवा अपुऱ्या दिवसांचे जन्मण्याचा धोका वाढतो. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळात गाळण्या कमी असण्याची शक्यता जास्त. दहा जणांचे काम सहा जणांवर पडले तर ते लवकर थकतात, तसेच या गाळण्यांचे होते. त्यातून पुढे रक्तदाब वाढतो आणि किडनी झिजते, असा विचार डॉ. बॅरी ब्रेनर यांनी १९८८ साली मांडला.

असे दुसऱ्या देशांतही दिसते. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील तिवी बेटांवरच्या आदिवासींमध्ये किडनीचे आजार फार आहेत. डॉ. वेंडी हॉय यांना तिथे जन्माचे कमी वजन आणि किडनीचा आजार यांचा संबंध आढळला. १९९५पासून तिथे रक्तदाबाचे नियमित उपचार सुरू झाले, तेव्हा किडनी निकामी होण्याचे आणि मृत्यूचे प्रमाण घटले. म्हणजे कमी वजन हे कपाळावरचे लिखित नव्हे.

यात आईचा दोष नाही. तिला अन्न आणि विश्रांती मिळणे ही घराची आणि सरकारची जबाबदारी आहे. कामगार स्त्रियांना बाळंतपणाची सवलत मिळावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात बाजू मांडली होती. आपण घरात एवढे तरी करू:

गरोदर सुनेला, लेकीला शेवटी उरलेले वाढू नका. आशाताईंकडे लवकर नाव नोंदवा, लोहाच्या गोळ्या चुकवू नका. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते, तिथे जा. मुलीचे लग्न लहान वयात करू नका.

बाळाचे जन्माचे वजन लिहिलेले कार्ड जपून ठेवा. मूल कमी वजनाचे जन्मले असेल तर डॉक्टरांना तसे सांगा आणि अधूनमधून त्याचा रक्तदाब मोजून घ्या. मोठेपणी दरवर्षी रक्तदाब, साखर आणि लघवीतील प्रथिने तपासा. अंगदुखीच्या गोळ्या मेडिकलमधून आणून मनाने रोज खाऊ नका.

किडनी बराच काळ दुखत-खुपत नाही. म्हणून त्रास नसतानाच तपासून घेऊ या.