गोळा एका हातानं, तोल दोन हातांनी

पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये ४ सप्टेंबर २०२४ रोजी सचिन खिलारी यांनी १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक पटकावलं आणि आटपाडी तालुक्यातल्या करगणीचं नाव देशभर झालं. टीव्हीसमोर बसलेल्या अनेकांच्या मनात तेव्हा एक शंका येऊन गेली असणार. गोळा तर एकाच हातानं फेकतात, यांचा उजवा हात धडधाकट आहे, मग अपंगत्व आडवं आलं कुठं?

शंका रास्त आहे आणि तिचं उत्तर समजून घेण्यासारखं आहे. गोळाफेकीची ताकद पायांतून निघते, कमरेतून वर चढते आणि शेवटी हातात येते. मोकळा हात या सगळ्यात नुसता लोंबत नसतो. तो आधी अंग उघडतो. फेकीच्या क्षणी तो झटकन छातीशी ओढला, की शरीराची ती बाजू थांबते आणि तो सगळा वेग फेकणाऱ्या खांद्याला मिळतो. लहानपणी सायकलवरून पडून सचिन यांचा डावा हात मोडला, पुढं गँगरीन झालं. हात वाचला, पण त्यातली ताकद गेली. सुवर्ण जिंकलेले कॅनडाचे ग्रेग स्ट्युअर्ट यांना जन्मतःच डाव्या कोपराखालचा हात नाही. त्यांची फेक १६.३८ मीटरची, म्हणजे फरक सहा सेंटीमीटरचा. एकाला हात आहे पण साथ देत नाही, दुसऱ्याला तो नाहीच, तरी दोघं एकाच ‘एफ-४६’ वर्गात खेळतात. कारण तिथं पाहिलं जातं ते एवढंच, की या कामात शरीराची अडचण किती होते.

‘एफ’ म्हणजे फेकीचे प्रकार, ‘टी’ म्हणजे धावणं आणि उडीचे प्रकार. पुढचा आकडा अडचणीची जात सांगतो. अकरा ते तेरा दृष्टीचे, वीस बौद्धिक अक्षमतेचा, तिशीतले आकडे बहुतांशी सेरेब्रल पाल्सीसारख्या विकारांचे, पन्नाशीतले बसून खेळणाऱ्यांचे.

आपल्याकडच्या प्रमाणपत्रावर मात्र टक्के असतात. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६च्या कायद्यानं ते २१ केले, हे मोठंच पाऊल. आरक्षणासारख्या लाभांसाठी किमान ४० टक्क्यांची अट आहे, आणि कुठंतरी रेघ ओढावी लागणारच. पण शाळेनं किंवा कचेरीनं त्या आकड्यावर थांबू नये, असं मला ठामपणे वाटतं. साठ टक्के म्हटल्यानं त्या माणसाला पायरी नडते की फळा दिसत नाही, यातलं काहीच कळत नाही.

पाठीच्या कण्याची दुखापतच घ्या. मूळचे सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर यांना १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. हात शाबूत होते. उपचारांचा भाग म्हणून ते पोहू लागले आणि १९७२ साली हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून भारताला पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण मिळवून दिलं. पद्मश्री मिळायला मात्र २०१८ साल उजाडलं, आणि अर्जुन पुरस्कार हाती पडला तो जानेवारी २०२५मध्ये. इतका उशीर आपल्याला शोभणारा नाही.

हरियाणाचे धरमबीर यांना कालव्यात सूर मारताना कण्यालाच मार बसला, पण त्यांचा वर्ग ‘एफ-५१’, बसून फेकणाऱ्यांमधला सर्वांत अवघड. या वर्गात हात उचलता येतो, कोपर दुमडता येतं, पण बोटांना पकड नसते आणि धड सावरता येत नाही. म्हणून खेळाडूला पट्ट्यांनी आसनाला बांधतात आणि फेकायला सुमारे ४०० ग्रॅमचा लाकडी ‘क्लब’ देतात. पॅरिसमध्ये त्यांच्या पहिल्या चारही फेकी फाउल ठरल्या. पाचवी गेली ३४.९२ मीटर, आणि तीच सुवर्णाची ठरली. मानेपाशी इजा झालेल्यांची आणखी एक अडचण बाहेरून दिसत नाही: इजेखालच्या भागाला घाम नीट येत नाही, त्यामुळे उन्हात अंग तापत राहतं. व्हीलचेअर रग्बीचे खेळाडू मधूनमधून अंगावर पाण्याचा फवारा मारतात तो यासाठी. अशा सहकाऱ्याला पत्र्याखालच्या खोलीत बसवणं म्हणजे त्याला आजारी पाडणंच.

दृष्टीच्या वर्गांत मदत कुठं संपावी, हे फार नेमकं ठरवलेलं आहे. ‘एस-११’ या वर्गात सगळे जलतरणपटू काळे गॉगल घालतात, म्हणजे कुणाला थोडासा उजेड कळत असला तरी त्याचा फायदा नको. भिंत जवळ आली की काठावरचा सहायक लांब काठीच्या मऊ टोकानं पाठीवर वा डोक्यावर हलकेच टोकतो. एवढंच. बाकी अंतर ज्याचं त्यानं कापायचं. अमरावतीच्या कांचनमाला पांडे यांनी २०१७ साली मेक्सिकोत याच वर्गात जागतिक विजेतेपद मिळवलं.

बौद्धिक अक्षमतेच्या खेळाडूंची कहाणी मात्र चीड आणणारी आहे. २००० साली सिडनीत स्पेनच्या बास्केटबॉल संघानं सुवर्ण जिंकलं आणि नंतर उघड झालं, की बारापैकी दहा जणांना तसली काही अडचणच नव्हती. लबाडी केली धडधाकटांनी, शिक्षा भोगली खऱ्या खेळाडूंनी: अथेन्स आणि बीजिंग या दोन्ही पॅरालिम्पिकमध्ये तो विभागच नव्हता. २०१२ साली लंडनला तो परत आला. म्हणूनच तेलंगणातल्या कल्लेडा गावच्या दीप्ती जीवनजीला पॅरिसमध्ये ‘टी-२०’ वर्गात ४०० मीटर धावता आलं. ५५.८२ सेकंद, कांस्यपदक. तिला लहानपणी गावात काय काय ऐकून घ्यावं लागलं, हे तिच्या आईवडिलांनी सांगितलं आहे.

कर्णबधिर खेळाडू यातल्या कुठल्याच वर्गात येत नाहीत. त्यांच्या स्पर्धा १९२४पासून स्वतंत्र भरतात, डेफलिम्पिक या नावानं. तिथं धावपटूंना पिस्तुलाच्या आवाजाऐवजी दिव्याची खूण असते. स्पर्धा वेगळ्या भरल्या म्हणून मान आणि बक्षिसाची रक्कम का घटावी, हा सवाल कुस्तीगीर वीरेंदर सिंह यांनी जाहीरपणे केला. त्यांच्याकडे डेफलिम्पिकची तीन सुवर्णपदकं आहेत. २०२१च्या नोव्हेंबरात पद्मश्री स्वीकारल्यावर ते पदकं घेऊन दिल्लीतल्या हरियाणा भवनाबाहेर फुटपाथवर बसले. मागणी एकच होती: कर्णबधिर खेळाडूंना पॅरा खेळाडूंच्या बरोबरीनं मोजा.