दुकानाची पाटी आता मोबाईलच्या पडद्यावर

भंडारा हे पितळी भांड्यांचे गाव म्हणून ओळखले जाते. मोहाडी, आंधळगाव, पवनी या भागातील कोशाच्या कापडालाही नाव आहे. पण गिऱ्हाईक हा माल आता पुष्कळदा प्रथम मोबाईलच्या पडद्यावर पाहतो. तेथे त्याला भांडे वाजवून पाहता येत नाही, कापड बोटांत चोळता येत नाही. त्यामुळे पडद्यावरची मांडणी हा एक स्वतंत्र हुन्नर झाला आहे. आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांनी तो शिकून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

पहिली गोष्ट फोटोची. पिवळ्या बल्बखाली काढलेल्या फोटोत पितळ तांबूस दिसते आणि कोशाचा मूळ रंग हरवतो. उघड्या उन्हात पितळावर झळाळी येऊन नक्षी पुसली जाते. सकाळी पडवीत, सावलीच्या उजेडात फोटो काढावा. एका बाजूस पांढरा कागद उभा धरला की काळी सावली कमी होते. भांड्याशेजारी मोजपट्टी ठेवावी. साडीचा एक फोटो पूर्ण, एक पदराचा आणि एक विणीचा जवळून घ्यावा.

दुसरी गोष्ट मजकुराची. किंमत, वजन, माप, पाठवणीचा खर्च व माल परत घेण्याची अट ही माहिती पहिल्या नजरेत दिसली पाहिजे. अक्षर युनिकोडमध्येच असावे. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर दुसऱ्याच्या फोनवर वाचता येत नाही. संगणकाच्या पडद्यावर मराठी सुवाच्य दिसावी म्हणून सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी 'मंगल' हा फाँट घडवला. तो विंडोज २००० बरोबर घरोघर पोहोचला. उर्दू मजकूर उजवीकडून डावीकडे जातो, म्हणून मराठी आणि उर्दू एकाच ओळीत मिसळू नयेत. बटण बोटाच्या टोकाएवढे हवे. अँड्रॉइडच्या नियमाप्रमाणे सुमारे ९ मिलिमीटर. फिक्या रंगावर फिकी अक्षरे टाकली तर वयस्कर गिऱ्हाईक मागे फिरतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. हजरत पैगंबर (स.) बाजारात एका धान्याच्या ढिगाऱ्यात हात घालतात, आत ओल लागते आणि ते त्या व्यापाऱ्याला ओले धान्य वर का ठेवले नाही असे विचारतात, हा प्रसंग आपल्यापैकी प्रत्येकाने मशिदीत ऐकला आहे. पडद्यावरचा फोटो म्हणजे ढिगाऱ्याचा वरचा थर होय. भांड्यास डाग असेल, साडीत यंत्रमागाचे सूत असेल, तर ते तेथेच लिहावे. 'फक्त दोनच नग शिल्लक' असे खोटे सांगून घाई करवणे, किंवा शेवटी न सांगता एखादा खर्च जोडणे, या युक्त्या आज अनेक ठिकाणी दिसतात. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा १३ फसव्या मांडण्यांवर मार्गदर्शक नियम काढले. आपणास मात्र हा धडा त्याच्या फार आधी मिळालेला आहे.

मोठ्या कंपनीजवळ पैसा आणि जाहिरात असते. लहान दुकानदाराजवळ विश्वास असतो. जसे दाखवले तसेच भांडे घरी आले, तर गिऱ्हाईक पुन्हा मागवतो व शेजाऱ्यासही सांगतो. एकदा फसला की हजार फोटोंनीही तो परत येत नाही.

हे सर्व जमले की नाही, हे पाहण्यास पैसा लागत नाही. घरातल्या अम्मींच्या, शेजारच्या चाचांच्या, अशा पाच जणांच्या हाती एकेक करून फोन द्यावा आणि सांगावे, 'यातून एक गुंड मागवून दाखवा.' मग मध्ये काही न बोलता पाहत राहावे. जेथे त्यांचे बोट अडेल, तेथे चूक त्यांची नसते, आपल्या मांडणीची असते. तेवढे दुरुस्त करावे आणि मगच दुकान उघडावे.