घरांतलें हसूं आणि घराचें हसें

शुक्रवारची संध्याकाळ. लंडनमधील एका साध्या घरीं दोन तरुण मुलगे आईबापांकडे जेवावयास येतात. यहुदी धर्मांत शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शब्बाथ लागतो आणि त्या रात्रीं कुटुंबानें एका पंक्तीस बसावें, असा प्रघात आहे. चॅनल फोरवर २०११ पासून २०२० पर्यंत चाललेल्या ‘फ्रायडे नाइट डिनर’ या मालिकेचें कथानक म्हणजे एवढें एक जेवण. रॉबर्ट पॉपर यांनीं ती आपल्याच घरावरून रचली.

घरच्या यजमानास सदा उकडतें, म्हणून तो उघड्या अंगानें वावरतो. (गोदाकांठच्या वाड्यांत वाढलेल्या नाशिककरांस यांत हसण्याजोगें काय, हें प्रथम कळणार नाहीं!) जुनीं शास्त्रीय मासिकें रद्दींत घालण्याचें नांव काढलें कीं तो कासावीस होतो. मुलगे कमावते झाले, तरी एकमेकांच्या पाण्यांत मीठ कालवितात. जेवण शांतपणें पार पडावें, एवढेंच आईचें मागणें, आणि तेंच कधीं पुरें होत नाहीं.

आतां यांत यहुदीपण तें किती? प्रार्थना, शास्त्रार्थ यांचा विस्तार जवळजवळ नाहींच. उलट शेजारचा जिम नांवाचा गृहस्थ या धर्माच्या कुतूहलानें भारावून वेळीं-अवेळीं दार ठोठावतो, ‘शालोम’ म्हणतो आणि स्वतःच्याच कुत्र्यास भितो. येथें फजिती होते ती परक्याची. युरोपांत शतकानुशतकें यहुद्यांचें हसें इतरांनीं केलें. शेक्सपिअरच्या शायलॉकाकडे पाहून प्रेक्षक हसत, तें त्यास आपल्यांतला न मानून. त्या इतिहासाच्या पार्श्वभूमीवर एका यहुदी घरानें आपल्या खोडी आपणच उघड्या कराव्या, ही गोष्ट लहान नव्हे. महाराष्ट्रास हे लोक परकेही नाहींत. कुलाबा जिल्ह्यांतील बेने इस्रायल शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून गांव त्यांस ‘शनवार तेली’ म्हणे. त्यांची घरची भाषा मराठीच.

मराठींत घराचा असा विनोद कोणीं आणिला? चिंतामण विनायक जोशी (१८९२–१९६३) हे बडोद्यास पाली भाषेचे अध्यापक. त्यांच्यापूर्वीं कोल्हटकरांचा सुदामा आणि गडकऱ्यांचा बाळकराम यांचा विनोद पुष्कळसा समाजांतील वेडगळ समजुतींवर घाव घालणारा होता. जोश्यांनीं तो स्वयंपाकघरापर्यंत नेला. त्यांचा भोळा, भित्रा चिमणराव स्वतःची फजिती स्वतःच सांगतो. दणकट गुंड्याभाऊ मदतीस धांवतो आणि घोटाळा वाढवितो. काऊ, राघू, मैना हीं मंडळी पांखरांचींच नांवें घेऊन आलेलीं. त्या घरचे कुळाचार विशिष्ट जातीचे आणि पुण्याचे खरे; पण हंसतांना वाचकास आपलीच वहिनी, आपलाच आतेभाऊ आठवतो. सत्तरच्या दशकांत मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनीं ही जोडी उभी केली, तेव्हां ज्यांनीं मूळ पुस्तक उघडलें नव्हतें त्यांच्याही घरीं ती जाऊन बसली.

नभोवाणीनें तर चेहरेही मागितले नाहींत. मुंबई आकाशवाणीच्या ‘पुन्हा प्रपंच’ मध्यें प्रभाकरपंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी या तिघांच्या बोलण्यावरच संसार उभा राही. नीलम प्रभू यांच्या मीनावहिनीचा आवाज ऐकून स्वयंपाकघरांतल्या बायका हातचें काम थांबवीत. टेकाडे भावजी म्हणजे बाहेरून येऊन घर ढवळणारा मनुष्य. लंडनचा जिम त्याच जातीचा. नाशिकच्या महाविद्यालयांत शिकविणाऱ्या वसंत कानेटकरांनीं ‘प्रेमा तुझा रंग कसा?’ मध्यें प्राध्यापक बल्लाळांचें जें घर मांडलें, तेंही याच गोतांतलें.

एक भेद मात्र डोळ्यांत भरतो. चिमणरावाचें सारें गोत एका छपराखालीं नांदतें. तेथें पंगतीस वार लागत नाहीं. लंडनच्या आईस सात दिवसांतून एक रात्र मिळते, म्हणून मिठाचें पाणी, उघडा नवरा आणि शेजाऱ्याचें कुत्रें हें सर्व सोसून ती ताटें वाढीत राहते. ज्यांचे मुलगे पुण्यास किंवा अमेरिकेस आहेत, अशा नाशिकच्या घरांत ही मालिका पाहतांना हंसें मध्येंच थांबतें, तें याच ठिकाणीं.