बोबड्या बोलांच्या आधी

मूल बोलू लागले की त्याचा पहिला शब्द कोणता, याची घरात कौतुकाने चर्चा होते. परंतु त्या शब्दाच्या कितीतरी आधी ते आपल्याशी संवाद करीत असते. वर्षाचे होण्याच्या सुमारास ते चांदोबाकडे बोट दाखविते, देवघरापुढे हात जोडते, निघालेल्या पाहुण्याला हात हलवून निरोप देते. रिकामी वाटी दाखवून आजीने दोन्ही हात उलटे केले, की 'संपलं' हा अर्थ त्याला शब्दावाचून उमगतो.

जबलपूरच्या मराठी घरांतून या खुणांना आणखी एक महत्त्व आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच राज्यात होती. येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी, असा परिपाठ असतो. आजी 'अजून हवं?' म्हणते, शेजारीण 'और चाहिए?' म्हणते, बाळाने पुढे केलेली वाटी मात्र दोघींनाही कळते. तथापि, आधीच दोन भाषा, त्यांत हातांच्या खुणा शिकविल्या तर मूल बोलावयाचेच मागे पडेल, अशी धास्ती एखाद्या आईला वाटणे स्वाभाविक आहे. ती कितपत खरी, हे पाहिले पाहिजे.

कॅलिफोर्नियातील लिंडा अ‍ॅक्रेडोलो व सुसन गुडविन या मानसशास्त्रज्ञांनी १९८० नंतरच्या दशकात हा विषय अभ्यासास घेतला. निमित्त घरचेच होते. अ‍ॅक्रेडोलो यांची वर्षाची मुलगी फूल दिसताच नाकाने हुंगल्यासारखे करी. फुलासाठी तिने स्वतःच बनविलेला तो 'शब्द' होता. पुढे २००० साली त्यांनी शंभरावर बालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अकराव्या महिन्यापासून ज्यांना खुणा दाखविल्या, ती मुले बोलण्यात मागे पडली नाहीत. काही चाचण्यांत ती थोडी सरसच ठरली.

याचे कारण समजण्यासारखे आहे. बाळाला स्वतःचा हात दिसतो, जीभ दिसत नाही. त्याचा हात धरून आपण खूण शिकवू शकतो; जीभ धरून शब्द शिकविता येत नाही. शिवाय खूण शब्दाची वाट अडवीत नाही, ती तयार करते. जाना आयव्हर्सन व सुसन गोल्डिन-मेडो यांनी २००५ साली दाखवून दिले की, मूल ज्या वस्तू आधी खुणेने दाखविते, त्यांची नावे पुढे त्याच्या बोलण्यात येतात. चपलेकडे बोट दाखवून मूल 'बाबा' म्हणाले, तर 'बाबांची चप्पल' हे दोन शब्दांचे वाक्य त्याने अर्धे हाताने आणि अर्धे तोंडाने पुरे केलेले असते.

मात्र खुणा शिकविल्याने मूल अधिक बुद्धिमान होते, हा दावा टिकत नाही. २००५ साली कॅनडातील संशोधकांनी सतरा अभ्यास तपासले. त्यांत भक्कम पुरावा आढळला नाही. इंग्लंडमध्ये एलिझाबेथ कर्क व सहकाऱ्यांनी चाळीस बालकांचा आठव्या महिन्यापासून विसाव्या महिन्यापर्यंत मागोवा घेतला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात खुणा शिकलेल्या मुलांची भाषा इतरांहून पुढे गेली नव्हती. पालट झाला होता तो मातांमध्ये. त्या बाळाच्या हालचालींकडे अधिक बारकाईने पाहू लागल्या होत्या. लाभ आहे तो या लक्ष देण्यात.

येथे एक विसंगती ध्यानात घ्यावयास हवी. ऐकू येणाऱ्या बाळांना हौसेने खुणा शिकविल्या जात असताना, ज्यांची ती खरी भाषा आहे त्या बधिर मुलांना ती दीर्घकाळ नाकारली गेली. १८८० साली मिलान येथील शिक्षकपरिषदेने शाळांतून सांकेतिक भाषा हद्दपार करण्याचा ठराव केला. तो २०१० साली व्हँकूव्हरच्या परिषदेने नाकारला. चार खुणा म्हणजे भाषा नव्हे. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे. २०१५ साली दिल्लीत तिच्यासाठी राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले, आणि २०२१ पर्यंत त्याच्या कोशात दहा हजार शब्द आले.

म्हणून पालकांनी दोन गोष्टी सांभाळाव्यात. बाळाने खूण केली, की त्या वस्तूचे नाव आपण तोंडाने स्पष्ट उच्चारावे. मग ते मराठी असो वा हिंदी. आणि हाक मारूनही मूल वळत नसेल, किंवा सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द बोलत नसेल, तर 'खुणेने सारे कळते' असे समाधान मानून न बसता त्याची श्रवणपरीक्षा करून घ्यावी. अशा वेळी गेलेले महिने भरून काढणे फार कठीण असते.