कमानीवरची पाटी

पावसाळ्यात छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरून हुतात्मा चौकाकडे चालत गेलेल्या माणसाला दादाभाई नौरोजी रस्त्याचे वैशिष्ट्य वेगळे सांगावे लागत नाही. इमारतींच्या तळमजल्यावरच्या कमानींखालून, फेरीवाल्यांच्या पथाऱ्या चुकवत तो बराचसा कोरडा पोचतो. मी १९८१ साली बँकेत लागलो आणि पुढे कितीतरी वर्षे या कमानींखालून ये-जा केली. पण मान वर करून कमान पाहिली ती फार उशिरा. पाहिली तेव्हा लाज वाटली. ती का, ते पुढे येईलच.

हा रस्ता म्हणजे पूर्वीचा हॉर्नबी रोड. १८६०च्या दशकात किल्ल्याचे तट पाडले गेले, कोट मोकळा झाला आणि रस्ता रुंद करता आला. पुढे दोन्ही बाजूंना इमारती उठू लागल्या, तेव्हा १८९६ साली एक नियम झाला. येथे बांधणाऱ्याने तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी सलग कमानींची वाट ठेवलीच पाहिजे. वर त्याने आपल्या आवडीप्रमाणे बांधावे. मग कोणी गॉथिक टोके काढली, कोणी ग्रीक-रोमन खांब उभारले, कोणी घुमट चढवले. शैली ज्याची त्याची, वाट मात्र सर्वांची. जमीन खासगी मालकाची आणि सावली येणाऱ्या-जाणाऱ्याची, असा हा सव्वाशे वर्षांहून जुना सौदा आहे. म्हणूनच इमारतीचा दर्शनी भाग ही एकट्या मालकाची बाब नव्हे, असे मी मानतो. मात्र त्याचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न त्या सौद्यात कोणी लिहून ठेवला नाही.

१९८७ साली माझी बदली बँकेच्या जागांचा कारभार पाहणाऱ्या विभागात झाली. कोटातल्याच एका जुन्या इमारतीत आमची शाखा होती. मालक पारशी गृहस्थ, सत्तरी ओलांडलेले. एके दिवशी ते स्वतः अर्ज घेऊन आले. कमानीवरच्या कोरीव दगडी पट्टीला तडे गेले होते; दुरुस्तीचा अर्धा खर्च बँकेने सोसावा, अशी विनंती होती. जाताना म्हणाले, "साहेब, तुमच्या वर्षाच्या भाड्यात माझी परांचीसुद्धा बांधून होत नाही."

ते खोटे नव्हते. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या इमारतींची भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीशी बांधून ठेवली होती. गिरणी कामगाराच्या खोलीला जे संरक्षण, तेच कोट्यवधींच्या ठेवी असलेल्या बँकेलाही! मी करारनामा काढला, कलम शोधले आणि उत्तर पाठवले: इमारतीच्या बाह्य दुरुस्तीची जबाबदारी मालकाची असल्याने आपली विनंती मान्य करता येत नाही, याबद्दल दिलगीर आहोत. कायद्याने पत्र बिनचूक होते. साहेबांनी शाबासकीही दिली.

पुढल्या पावसाळ्यात एका रात्री त्या पट्टीचा हातभर तुकडा खाली आला. रस्ता रिकामा होता म्हणून कोणाला लागले नाही. त्याच सुमारास शाखांच्या पाट्या बदलायच्या होत्या. कंत्राटदाराने विचारले, नवी पाटी थोडी मोठी केली तर? तुटका भाग झाकला जाईल. मी सही केली. आतून ट्यूबलाइट लागणारी भलीमोठी पाटी कमानीवर चढली आणि जखम दिसेनाशी झाली.

१९९५ साली मुंबईसाठी वारसा नियमावली आली. इमारतींची यादी झाली, त्यांना श्रेणी मिळाल्या. देशात अशी नियमावली प्रथमच होत होती. त्यानंतर वास्तुसंवर्धक आभा नारायण लांबा यांनी दादाभाई नौरोजी रस्त्यासाठी पाट्यांचे नियम आखून दिले: पाटी कमानीच्या आत बसावी, दगड झाकू नये. दुकानदारांनी आधी कुरकुर केली असेल, पण पाट्या उतरल्या. २००४ साली युनेस्कोनेही या कामाची दखल घेतली. ते वारे आमच्या शाखेपर्यंत पोचले आणि आमचीही पाटी खाली आली. मागे तुटलेली पट्टी तशीच होती. शिवाय आमच्या लोखंडी खिळ्यांनी दगडाला नव्या भेगा पाडल्या होत्या. लोखंड गंजले की फुगते आणि दगड आतून फोडते. हे मला त्या दिवशी कळले.

तर सांगायचा मुद्दा असा, की पाट्या उतरवणे हे तोंड धुण्यासारखे आहे. दुखणे पोटात आहे. गोठलेली भाडी काळाच्या ओघात अन्याय्य ठरली आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली म्हटले. १९९९च्या नव्या कायद्याने बँका आणि मोठ्या कंपन्यांचे संरक्षण काढले. इतरांच्या भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ मान्य केली. पण पागडी भरून बसलेल्या छोट्या दुकानदाराचे भाडे अजून इतके कमी आहे, की त्यात दगडाचे काम जाणणारा कारागीर येत नाही. त्या दुकानदाराला खलनायक ठरवण्यात अर्थ नाही. मात्र भाडे कवडीचे आणि जमीन सोन्याची झाली, की मालकाला बिल्डरच देवदूत वाटू लागतो.

मग तडजोड सुचते: पुढची भिंत ठेवू, मागे मनोरा उभारू. लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागी मॉल झाला, चिमणी तेवढी उभी आहे. काहीच न उरण्यापेक्षा ते बरे, हे मान्य. पण आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचे तर तारण शिल्लक आणि खातेदार बेपत्ता! याच रस्त्यावरचे जे. एन. पेटिट वाचनालय पाहा. १८९८ची इमारत, नीट दुरुस्त झाली आणि २०१५ साली तिला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. तिथे आत वाचक बसतात, म्हणून बाहेरच्या दगडाला अर्थ आहे.

उपाय अवघड नाहीत. कोटात जागा भाड्याने घेणाऱ्या प्रत्येक बँकेच्या आणि कंपनीच्या करारात दर्शनी भागाच्या दुरुस्तीचा वाटा लिहिलेला असावा. प्रमाणित दुरुस्ती करणाऱ्या मालकाला महापालिकेने मालमत्ता करात सवलत द्यावी. बांधकामाचा हक्क गमावल्यास त्याबदल्यात दुसरीकडे हक्क देण्याची सोय १९९५च्या नियमावलीतच होती. पण उंच बांधू न शकण्याची भरपाई वेगळी आणि दरवर्षीच्या डागडुजीचा पैसा वेगळा.

ते पारशी गृहस्थ आता नाहीत. माझ्या पत्रातला 'दिलगीर आहोत' हा शब्द तेव्हा कार्यालयीन रूढीचा होता, कार्बन कागदावरून उतरलेला. आज त्या कमानीखालून जाताना मी तो मनाशी पुन्हा म्हणतो, आणि आता त्यात रूढी उरलेली नाही.