बंद गिरण्यांचे छायाचित्रण

मुंबईच्या गिरणगावातील एखाद्या बंद गिरणीचे छायाचित्र पाहताना भिंतीतून फुटलेला पिंपळ प्रथम डोळ्यांत भरतो. विटांना कवटाळणारी मुळे पाहून ती वास्तू कैक पिढ्यांपूर्वी ओस पडली असावी, असा भास होतो. वस्तुस्थिती निराळी आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लक्ष गिरणी कामगार संपावर गेले आणि त्यानंतर कित्येक गिरण्यांचे भोंगे कायमचे थांबले. ज्यांस भग्नावशेष म्हणावयाचे, तेथे राबलेली अनेक माणसे अद्याप हयात आहेत.

झाडाचे कार्यही छायाचित्रात उलटे दिसते. पिंपळ, वड, उंबर यांची फळे पक्षी खातात आणि विष्ठेवाटे बी भिंतीच्या भेगेत पडते. ओलसर चुन्यात ते रुजते. चालू गिरणीतही असे रोप उगवतेच, मात्र तेथे ते उपटणारा कोणी असतो. विणकामाच्या शेडचे छप्पर करवतीच्या दातांसारखे असे. उत्तरेकडील काचांतून ऊन न येता सारखा उजेड मिळावा, हा त्यामागील हेतू. दोन दातांमधील पन्हळ साफ होईनाशी झाली की तीत पालापाचोळा कुजून माती तयार होते, पाणी तुंबते आणि भिंतीत मुरते. साफ करणारे हात आधी गेले, झाड मागाहून आले.

हा क्रम दाखवावयाचा तर एक सुंदर चित्र पुरत नाही. जर्मनीतील बर्न्ड आणि हिला बेखर या दांपत्याने १९५९ पासून पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या इत्यादींची छायाचित्रे ढगाळ उजेडात, समोरून, कसलाही नाट्यमय परिणाम न साधता घेतली. ती शिस्त येथेही उपयोगी पडते. तीत काळाची भर मात्र घालावी लागते. जागा, भिंग आणि कॅमेऱ्याची उंची तीच ठेवून वर्षातून निदान दोनदा चित्र घ्यावे. पावसाळ्याअखेर शेवाळ व नेचे यांनी भिंत झाकलेली असते. फाल्गुनाच्या सुमारास पिंपळाची पानगळ झाली की मुळांची वाट आणि भेगा उघड्या पडतात. कॅमेरा वर कलवू नये. तसे केल्यास धुराडे मागे झुकल्यासारखे दिसते आणि पाहणारा तो दोष इमारतीच्या माथी मारतो.

चित्रासोबत तारखेइतकीच दुसरी एक नोंद आवश्यक आहे. समोरची भिंत साचेखात्याची की गोदामाची, हे तेथे काम केलेला मनुष्यच खात्रीने सांगू शकतो. आणि १९८२ साली विशीत असलेला कामगार आज साठी ओलांडून गेला आहे. चित्रे घेणाऱ्यांपैकी फार थोडे त्याला विचारावयास जातात, ही खेदाची गोष्ट होय.

गिरण्यांच्या जमिनींवर आता बहुतेक ठिकाणी उंच इमारती उभ्या आहेत. त्यामुळे एकाच जागेवरून घेतलेल्या चित्रमालिकेत पुढेपुढे भिंतही नसते आणि पिंपळही नसतो, केवळ पत्र्याचे कुंपण दिसते. ते चित्र नीरस म्हणून संचातून काढून टाकण्याचा मोह होतो. तो टाळून त्यावरही तारीख घालावी.