गुडगुडणाऱ्या गाडीतला धूर

जुनी अमेरिकन मसल कार जागेवर उभी राहून नुसती चालू असली, तरी तिच्या आवाजानं मान वळतेच. सलग भुर्रर्र असा तो आवाज नसतो. गुड-गुडगुड, गुड... गुडगुड असा अडखळत येतो. मध्येच दोन ठोके अगदी जवळ पडतात, मध्येच थोडी उसंत मिळते. इंजिन बिघडलंय का? मुळीच नाही! हा अडखळता ताल धुराच्या वाटेवर तयार होतो. ती वाट कशी असावी, यावर जुन्या गाड्यांचे शौकीन तासन्‌तास वाद घालतात. बिडाचा मॅनिफोल्ड ठेवायचा, की पोलादी नळ्यांचे हेडर बसवायचे? चला, आज आपणही त्या वादात उतरू.

त्यासाठी एकच गाडी घेऊ, १९६५ ची फोर्ड मस्टँग. एप्रिल १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली आणि अमेरिका तिच्या प्रेमात पडली. तिच्या बॉनेटखाली २८९ घनइंचांचं, म्हणजे ४.७ लिटरचं व्ही-८ इंजिन मिळायचं. आठ सिलिंडर, चार उजवीकडे, चार डावीकडे, दोन्ही रांगा वर फाकलेल्या. तुमच्या घरच्या स्कूटरला बहुतेक एकच सिलिंडर असेल. तिच्या धुराला एक पाईप मिळाला की झालं, कुणाशी भांडण नाही. इथे मात्र आठ जणांचा धूर बाहेर काढायचाय.

हा धूर म्हणजे चुलीतून निवांत वर चढणारा धूर नव्हे. पेट्रोलचा भडका उडतो, पिस्टन खाली ढकलला जातो, आणि तो तळाला पोचायच्या आधीच एक झडप उघडते. तापलेला वायू धाडकन बाहेर पडतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर असे धडाके सेकंदाला किती? प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा धूर सोडतो, म्हणजे सेकंदाला २५ वेळा. आठांचे मिळून २००! आणि गाडी जोरात दामटली की या वायूचं तापमान ७०० अंश सेल्सिअसच्याही वर जातं.

कारखान्यातून निघालेल्या मस्टँगला प्रत्येक बाजूला बिडाचा एकेक मॅनिफोल्ड असायचा. वितळलेलं लोखंड साच्यात ओतून केलेला जाड, जड, आखूड पाईप. चारही सिलिंडरांची तोंडं त्यातच उघडतात आणि बाहेर जायला वाट एकच. अरुंद बोळात चार घरांची दारं उघडावीत तसं! एका घरातली मंडळी निघताहेत, तेवढ्यात शेजारचं दार उघडून दुसरी झुंड आली, तर पहिल्यांना मागे रेटा बसणारच.

पण ही दारं एकामागोमाग उघडतात की आलटून-पालटून? ते तुम्हीच शोधा. या इंजिनात भडका उडण्याचा क्रम असा आहे: १-५-४-२-६-३-७-८. तो कागदावर लिहा. १ ते ४ हे सिलिंडर उजव्या बाजूचे, ५ ते ८ डाव्या. आता १ ते ४ या आकड्यांना गोल करा. गोल केलेले दोन आकडे कुठे शेजारी आले? ४ आणि २! बिनगोलाचे? ७ आणि ८! म्हणजे उजव्या बाजूच्या चौथ्या सिलिंडरनं धूर सोडायला सुरुवात केली, की इंजिनाच्या फक्त पाव फेरीनंतर त्याच बाजूचा दुसरा सिलिंडर धूर सोडू लागतो. चौथ्याची झडप अजून उघडीच असते, आणि दुसऱ्याचा ताजा, जोरकस धडाका थेट तिच्यापर्यंत पोचतो. मग थोडा जळका वायू आतच राहतो आणि ताज्या हवा-पेट्रोलची जागा अडवून बसतो. ते जवळ पडणारे दोन ठोके आणि मधली उसंत, म्हणजे ती गुडगुड, याच क्रमातून येते.

हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतःची नळी मिळते. चार नळ्या वळणं घेत पुढे जातात आणि शेवटी एका रुंद नळकांड्यात एकत्र येतात. एवढ्यानं गर्दी कमी होते हे तर कुणालाही कळेल. मला खरा चमत्कार वाटतो तो याच्या पुढचा.

झडप उघडली की वायूबरोबर दाबाची एक लाटही नळीतून सुटते, वायूच्याही पुढे. तापलेल्या वायूत तिचा वेग सेकंदाला साधारण ५८० मीटर असतो. आपल्याभोवतीच्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटरच धावतो. ही लाट नळीच्या रुंद तोंडाशी पोचते, तिथे अचानक मोकळी जागा मिळते, आणि ती उलटी फिरते. पण परतताना तिचा स्वभाव बदललेला असतो. गेली होती ढकलणारी लाट, परत येते ओढणारी लाट! ती बरोबर वेळेवर झडपेपाशी पोचली, तर सिलिंडरात उरलेला जळका वायू खेचून घेते. त्याच सुमारास हवा आत घेणारी झडपही उघडू लागलेली असते, त्यामुळे ताजी हवासुद्धा थोडी आत ओढली जाते. पंप नाही, पंखा नाही. फक्त योग्य लांबीची नळी!

आता हिशेब करा. नळी ९० सेंटिमीटरची असेल, तर जाऊन-येऊन १.८ मीटर. लाटेला लागतात साधारण ३ मिलीसेकंद, म्हणजे सेकंदाचे तीन हजारांश. मिनिटाला ६००० फेरे घेणारं इंजिन एक फेरी १० मिलीसेकंदांत पुरी करतं. त्याच्या दृष्टीनं लाट साधारण एक तृतीयांश फेरीत परत आली, वेळ छान जुळली. पण १५०० फेऱ्यांना एक फेरी ४० मिलीसेकंदांची होते. तिथे लाट फार लवकर परत येते आणि तिचं ओढणं वाया जातं. म्हणून हेडर सगळ्याच वेगांना सारखी मदत करत नाहीत. नळी लांब केली की मदत कमी फेऱ्यांना मिळते, आखूड केली की जास्त फेऱ्यांना.

लाट खरंच जाऊन परत येते का, याचा पुरावा घरी मिळेल. नळाच्या कामातून उरलेला पीव्हीसी पाईप घ्या, एक तुकडा एक मीटरचा, दुसरा अर्ध्या मीटरचा. पाईपच्या तोंडावर तळहात मारा आणि तिथेच दाबून धरा. टुम्म! आखूड पाईपचा सूर वरच्या सप्तकातला येईल, कारण लाटेला निम्माच प्रवास करावा लागतो. तुमच्या हाताच्या जागी झडप आहे असं समजा, की हेडरची नळी तयार.

आता शेल्बीची गोष्ट. कॅरल शेल्बी हा अमेरिकन रेसर १९५९ मध्ये ले मान्सची २४ तासांची शर्यत जिंकला होता. पुढे हृदयाच्या दुखण्यामुळे त्यानं शर्यती सोडल्या आणि गाड्या घडवायला घेतल्या. १९६५ मध्ये त्यानं मस्टँगचं शेल्बी जीटी ३५० हे रूप काढलं. मूळ जोरकस इंजिनाची ताकद २७१ अश्वशक्ती, शेल्बीनं ती ३०६ वर नेली. सगळं श्रेय धुराच्या नळ्यांचं नव्हे, कार्ब्युरेटर आणि हवा आत नेणारा भागही बदलला होता. पण नळ्या मोठ्या हुशारीच्या होत्या. चार नळ्या एकदम एकत्र न करता आधी दोन-दोनच्या जोड्या केल्या, मग त्या दोन जोड्यांची एक वाट. लागोपाठ धूर सोडणाऱ्या दोघांना, म्हणजे आपल्या ४ आणि २ ला, एका जोडीत ठेवायचं नाही, ही यातली युक्ती. अशा हेडरचा फायदा मधल्या वेगांनाही मिळतो. मला हीच रचना सगळ्यांत आवडते.

फोर्डच्या जीटी ४० या रेसच्या गाडीत तर याहून धाडसी उपाय केला होता. उजव्या बाजूच्या दोन नळ्या डावीकडे नेल्या आणि डावीकडच्या दोन उजवीकडे! मग प्रत्येक बाजूला धडाके अगदी समान अंतरानं पडू लागले. एकमेकींत गुंतलेल्या त्या आठ नळ्यांना लोक सापांची जुडी म्हणायचे. तिथे इंजिन चालकाच्या मागे होतं, म्हणून जागा मिळाली. मस्टँगमध्ये इंजिनाच्या दोन्ही बाजूंना शॉक टॉवर उभे असतात, पुढच्या स्प्रिंगांना धरून ठेवणारे. त्या चिंचोळ्या फटीतून साधे हेडर घालतानाही मिस्त्रीची बोटं सोलवटतात.

मग हेडरच सरसकट चांगले? थांबा. पातळ पोलादाच्या नळ्या बॉनेटखाली खूप उष्णता सोडतात. शेजारच्या स्पार्क प्लगच्या वायरी भाजतात. नळ्या गंजतात आणि जमिनीला टेकतील इतक्या खाली येतात. बीड मात्र वर्षानुवर्षं तापतं, निवतं आणि तक्रार करत नाही. आवाजही मऊ ठेवतं. धातू चुकीचा निवडला तर काय होतं? १९६२ च्या सुमारास पाँटियाक कंपनीनं शर्यतीसाठीच्या आपल्या सुपर ड्यूटी गाड्यांना वजन वाचवायला चक्क अ‍ॅल्युमिनियमचे मॅनिफोल्ड दिले होते. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं! पाव मैलाची, म्हणजे सुमारे ४०० मीटरची शर्यत काही सेकंदांत संपते, तेवढ्यापुरते ते टिकायचे. त्यांच्यासह गाडी बराच वेळ जोरात पळवली, तर मॅनिफोल्डच वितळायची भीती.

नळी जाड घेतली की बरी, असंही अनेकांना वाटतं. या मस्टँगला साधारण चार सेंटिमीटर व्यासाची पुरते. त्याहून बरीच रुंद घेतली तर वायू मंदावतो, आणि पुढच्या धडाक्यासाठी मागे पोकळी ठेवून जाण्याचं त्याचं काम बिघडतं.

माझं मत विचाराल, तर रविवारी फेरफटका मारायच्या मस्टँगला तिचा मूळ बिडाचा मॅनिफोल्डच राहू द्यावा. थोडी जास्त चपळाई हवी असेल तर शेल्बीसारखे जोड्यांचे हेडर. चार नळ्या थेट एकत्र आणणारे हेडर शर्यतीच्या मैदानावर शोभतात, कारण तिथे फेरे सतत वर असतात. घेताना इंजिनाला चिकटणारी पट्टी जाड आहे ना, हे पाहायचं. पातळ असली तर उष्णतेनं वाकते आणि फटीतून टिक-टिक करत धूर गळतो. इंजिन पहिल्यांदा तापून पूर्ण गार झालं की बोल्ट पुन्हा आवळायचे.

आणि आता तुमच्यासाठी एक कोडं. शेव्हरोलेच्या त्या काळच्या व्ही-८ इंजिनाचा क्रम होता १-८-४-३-६-५-७-२. तिथे विषम आकडे डाव्या बाजूला, सम आकडे उजव्या. शेल्बीसारख्या हेडरमध्ये एकत्र जोडायला नकोत असे सिलिंडर कोणते? प्रत्येक बाजूला एक जोडी सापडली पाहिजे.